गेम बंद, हप्ता चालू

गेम बंद पडला, पण त्याचा ऑटोपे जिवंत राहिला. तांबरममधल्या आमच्या कॉलनीत एकाच सेवेचे वर्गणीदार असलेली बरीच घरं होती. कुणाला पैसे परत मिळाले, कुणाचे बुडाले, कुणाचे सेवा गेल्यावरही कापले जायच्या बेतात होते. कंपनी एक, खेळ तेच. पैसे कुठल्या वाटेनं गेले होते, एवढाच काय तो फरक.

नवरा हवाई दलात, त्यामुळे बदली ठरलेली. नव्या गावात मुलांना आधी भाषा येत नसते, मग मित्र नसतात. म्हणून जाहिराती नसलेले खेळ देणारी ही सेवा घेतली. थोरला इथून आणि साताऱ्यातली त्याची मावसभावंडं तिथून, संध्याकाळी एकाच टीममध्ये. मुलांनी मोबाईल हातात घेऊ नये असं मानणाऱ्यांनी बदलीची नोकरी करून पाहावी. थोरल्याची वर्गणी वर्षाची, कार्डावर भरलेली. धाकटीची महिन्याची, यूपीआय ऑटोपेवर. शेजारच्या अक्कांनी त्यांच्या मुलासाठी तीच सेवा प्ले स्टोअरमधून घेतली होती.

वर्ष अर्धंही सरलं नसेल, एका सकाळी खेळ उघडेनात. फोनमध्ये उतरवून ठेवलेलेसुद्धा. कारण उघडताना प्रत्येक खेळ आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, या ग्राहकाची वर्गणी चालू आहे का? पलीकडे उत्तर द्यायला सर्व्हरच उरला नव्हता. मुलांनी पार केलेल्या पातळ्या, मित्रांच्या याद्या, सगळं त्याच्याबरोबर गेलं. त्याची भरपाई कुणाकडे मागणार?

कंपनीच्या ईमेलमध्ये कारण दिलं होतं, ‘नवा गेमिंग कायदा’. हे कारण पुढे अनेकांना ऐकवलं जाईल, म्हणून सांगते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला केंद्राचा कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. बक्षिसाची आशा नाही, पैज नाही, नुसती वर्गणी भरून खेळायचं, अशा खेळांना त्यात मुभा आहे. आमच्या सेवेत पैज नव्हतीच. धंदा चालला नाही हे सरळ लिहिलं असतं तर राग कमी आला असता.

आता पैशांच्या वाटा. सगळ्यात बेसावध वाट ऑटोपेची. ‘ॲप डिलीट करून टाका, झालं,’ असं कॉलनीत बऱ्याच जणी म्हणाल्या. ॲप फोनमध्ये असतं, पण हप्ता कापायची मंजुरी, म्हणजे मॅन्डेट, बँकेत असतं. एकदा पिन टाकून मंजूर केलं की पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला पुन्हा पिन लागत नाही. हप्ता कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना यावी लागते, आणि आम्हाला ती आली, बंद पडलेल्या सेवेच्या पुढच्या महिन्यासाठी! जाहिरातींच्या गर्दीत असा मेसेज सहज वाहून जातो. ज्या यूपीआय ॲपवरून मंजुरी दिली त्याच ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ या नावाचा विभाग असतो. तिथे जाऊन रद्द करायचं. सेवा बंद झाली नसली तरी तो विभाग एकदा उघडून पाहा. विसरलेल्या वर्गण्यांची यादी तिथे निघते.

कार्डावर भरलेल्या पैशांसाठी बँकेत वाद नोंदवता येतो. इथे शब्द जपून निवडायला हवेत. ‘अनधिकृत व्यवहार’ असं लिहिलंत तर अर्ज परत येईल, कारण मंजुरी तुम्हीच दिली होती. ‘पैसे घेतले, सेवा दिली नाही’ हा प्रकार निवडायचा, सोबत वर्षाच्या वर्गणीची पावती आणि बंद झाल्याची ईमेल जोडायची. मुदत असते, तेव्हा महिने घालवू नका. थोरल्याच्या वर्गणीचे पैसे आम्हाला याच वाटेनं परत मिळाले. धाकटीच्या चालू महिन्याचे गेले ते गेलेच.

प्ले स्टोअरच्या वाटेनं गेलेल्या अक्कांना सर्वांत कमी त्रास झाला. पुढचा हप्ता कापला गेलाच नाही, आणि परताव्यासाठी लागणारा ऑर्डर क्रमांक पावतीच्या ईमेलवर आयता होता.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं. त्यांच्या प्रीपेड बॅलन्समधून एक गेम पॅक परस्पर चालू झाला होता. असा पॅक सुरू करण्याआधी ग्राहकाची दुहेरी संमती घ्यावी, असा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा आदेश जुलै २०१३ पासून आहे. असा पॅक बंद करायचा नंबर १५५२२३.

मोठी कंपनी असली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. गूगलची स्टेडिया ही खेळांची सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली तेव्हा विकत घेतलेल्या खेळांचे आणि उपकरणांचे पैसे त्यांनी परत केले, पण प्रो वर्गणीचे नाही. हे झालं व्यवस्थित बंद केलेल्या सेवेचं. म्हणून ‘वर्षाचे भरा, दोन महिने फुकट’ या आमिषाला मी आता महिन्याच्या वर्गणीनं उत्तर देते. थोडे जास्त जातात, पण बुडाले तर एका महिन्याचेच बुडतात.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वर्गणी घ्यायला सोपी आणि सोडायला अवघड करणं हा ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतल्या तेरा ‘डार्क पॅटर्न’पैकी एक आहे, तेव्हा तक्रारीत तसं नाव घेऊनच लिहा. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठल्याही शहरातली असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आमच्यासाठी चेंगलपट्टूला. पाच लाखांपर्यंत फी नाही, अर्ज ऑनलाइन होतो. कंपनी दिवाळखोरीत निघाली असेल तर मात्र आयोगातलं प्रकरण थांबतं, मग दावा कायद्यानं नेमलेल्या व्यावसायिकाकडे द्यावा लागतो, आणि त्या रांगेत वर्गणीदार फार मागे उभा असतो. एवढ्या रकमेसाठी तिथे जायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी गेले नसते.