जीवशास्त्र घेतले, पुढे काय?

जीवशास्त्र म्हणजे फक्त डॉक्टरकी, असा पुष्कळांचा समज असतो. वैद्यकीय प्रवेश हुकला की सारे संपले, असे त्यांना वाटते. ते खरे नाही.

वाशीचीच खाडी घ्या. ओहोटीला येथे चिखल उघडा पडतो. पाण्यातील सूक्ष्म शैवालांवर लहान रोहित पक्षी जगतात. त्यांच्यासाठी २०१५ साली ऐरोली व वाशी पुलांमध्ये अभयारण्य जाहीर झाले. पक्षिशास्त्रज्ञ पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचा प्रवास शोधतो. शैवालतज्ज्ञ त्यांचे अन्न तपासतो. वनस्पतिशास्त्रज्ञ तिवरांचा अभ्यास करतो, तर मत्स्यशास्त्रज्ञ तिवरांच्या आसऱ्याने वाढणाऱ्या मासळीचा. मत्स्यविज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी मुंबईत १९६१ पासून केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे.

वाशीतच २००० सालापासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी मसाल्यांतील जंतू मारले जातात. किरणांची मात्रा पुरेशी झाली का, हे कसे कळणार? आधीचे व नंतरचे जंतू मोजून! हे काम सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे.

तेव्हा ‘मी कोण होऊ?’ याआधी ‘मला कोणत्या सजीवाचे कुतूहल आहे?’ हे स्वतःला विचारा. मग महिनाभर त्या एकाच सजीवाच्या रोज नोंदी ठेवा. कंटाळा आला नाही, तर वाट सापडली असे समजा!