घाट चढायची सक्ती कुणी केली?

चिंगे, काल फोन ठेवता ठेवता तू हळूच विचारलंस, "ताई, मला जमेल का गं?" बाजूला तुझे भावजी बसले होते, म्हणून तेव्हा नुसतं "हो गं" म्हटलं. आता निवांत लिहिते.

तुझ्या ऑफिसातल्या मंडळींनी तुझ्या डोक्यात आल्प्समधला स्टेल्वियोचा घाट सायकलने चढायचं भरवलंय, हे माझ्या लक्षात आलंय. प्राड गावापासून पंचवीसेक किलोमीटरचा सलग चढ, ४८ वळणं, १,८०० मीटरपेक्षा जास्त उंची चढून जायची आणि वर २,७५७ मीटरच्या पाटीखाली फोटो काढायचा. ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल जावं. पण उन्हाळ्यात त्या रस्त्यावर मोटरसायकलींची रांग लागलेली असते, आणि प्रत्येक वळणावर मागून येणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकत पॅडल मारण्यात मला तरी काही सुख दिसत नाही. तुला हिंडायचंय की परीक्षा द्यायचीय, ते आधी ठरव. हिंडायचं असेल तर त्याच प्राड गावातून, त्याच घाटाच्या पायथ्याशी, नदीच्या काठाने एक सायकलवाट जाते. तिच्यावर मोटारी नाहीत. बहुतेक लोक घाटाकडे बघत बघत तिच्यावरून पुढे निघून जातात. आपण त्यांच्यातल्या.

आल्प्सच्या मोठ्या खोऱ्यांमध्ये अशा वाटा बऱ्याच आहेत. कुठे त्या जुन्या रेल्वेच्या जागेवर आहेत, कुठे नदीच्या बांधावर, कुठे शेतातल्या गाडीवाटांवर. पहिल्याच वेळी सगळ्यांच्या मागे लागू नकोस. मी तुला क्रम सांगते.

सुरुवात इनिखन ते लीएन्त्स या वाटेने कर. इनिखन इटलीत आहे, लीएन्त्स ऑस्ट्रियात. अंतर ४४ किलोमीटर, आणि एवढ्यात तू साधारण ५०० मीटर खाली येतेस. म्हणजे उतारच उतार, तोही सौम्य. शेजारून द्राऊ नदी वाहते. तिचा उगम इनिखनच्या जरा वर, टोब्लाखजवळ होतो. टोब्लाखचं सपाट मैदान म्हणजे मोठं गमतीचं ठिकाण: त्याच्या एका बाजूला पडलेला पाऊस द्राऊतून डॅन्यूबमध्ये आणि तिथून काळ्या समुद्रात जातो, दुसऱ्या बाजूचा एड्रियाटिकला. तुला दिसताना मात्र नुसतं कुरण आणि गाई दिसतात. वाटेत सीमा ओलांडलेली कळतही नाही, तरी पासपोर्ट जवळ ठेव. आपल्याकडे बघून कुणी विचारलंच तर "हॉटेलवर राहिला" हे उत्तर कामाचं नाही. हाइनफेल्सला वाटेला लागूनच वेफर बिस्किटांचा कारखाना आहे, सगळी बच्चेकंपनी तिथे उतरते. लीएन्त्सहून सायकलसकट रेल्वेने परत यायचं. ऑगस्टमध्ये अजिबात जाऊ नकोस. तेव्हा इटलीतली निम्मी कुटुंबं सुट्टीवर असतात, आणि परतीच्या गाडीत सायकलींचा नुसता ढीग होतो. जून किंवा सप्टेंबर बघ.

कुणी नाक मुरडेल, "उतारावरून काय, कुणीही येईल!" येऊ दे ना कुणीही. त्याचसाठी तर वाट आहे. आपल्या आईला साठी उलटल्यावर मी त्याच वाटेवर ई-सायकलवर बसवलं होतं. तिने मोटरला फारसा हातसुद्धा लावला नाही.

हे जमलं की टोब्लाखहून कोर्तिनाकडे जा. इथे पूर्वी डोलोमाइट्समधून जाणारी रेल्वे होती. ती १९६४ मध्ये बंद झाली, रूळ काढले, आणि आता त्या जागेवरून सायकली जातात, हिवाळ्यात स्कीवाले. रेल्वेच्या जागेचा मोठा फायदा असा की आगगाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून इंजिनिअरांनी सगळा मार्ग डोंगराच्या कडेकडेने अगदी हळूहळू वर नेलाय. टोब्लाख १,२५० मीटरच्या आसपास आणि चिमाबांके हा वाटेतला सर्वांत उंच भाग १,५३० मीटर. पंधराएक किलोमीटरमध्ये पावणेतीनशे मीटर म्हणजे काहीच नाही. तुला चढ दिसणार नाही, फक्त गिअर एक खाली घ्यावासा वाटेल. लांड्रोजवळ डावीकडच्या फटीतून त्रे चिमेचे तीन सुळके दिसतात. पुढे कोर्तिनाच्या बाजूला बोगदे आहेत, दिवा हवाच. शिवाय इटलीत बोगद्यातून जाताना, आणि अंधार पडल्यावर गावाबाहेर, चमकणारं जाकीट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि हो, ही वाट बरीचशी खडीची आहे. बारीक टायरची सायकल नेऊ नकोस.

पण माझी खरी लाडकी वाट म्हणजे प्राडवरून जाणारी तीच, फिन्शगाउ खोऱ्यातली; इटालियनमध्ये वाल व्हेनोस्ता. तिकडे प्रत्येक गावाला जर्मन आणि इटालियन अशी दोन नावं असतात, ती दोन्ही लिहून ठेव, नाहीतर स्टेशनवर गोंधळशील. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, पण घरात अजून जर्मनच बोलतात. रेशनच्या घाटाजवळ, दीड हजार मीटरवर, आदिजे नदीच्या उगमापासून निघायचं आणि ऐंशीएक किलोमीटर खाली मेरानला पोचायचं. मेरान जेमतेम सव्वातीनशे मीटरवर आहे. सकाळी वर स्वेटर घालून थरथरत निघालेली तू खाली ताडाची झाडं बघतेस.

हे एका दिवसात करू नकोस, करता येत असलं तरी. वर रेशनच्या तळ्यात चर्चचा एक मनोरा पाण्यातून उभा दिसेल. १९५० मध्ये धरणासाठी ग्राउन हे आख्खं गाव बुडवलं, त्यातला तेवढाच उरला, चौदाव्या शतकातला. सगळे तिथे फोटो काढतात, तूही काढ, पण जरा थांबून ते गाव कुणाचं होतं तेही वाच. कोयना किंवा उजनीच्या काठची माणसं ज्यांच्या ओळखीची आहेत, त्यांना ते चित्र सुंदर वाटायला जरा वेळ लागतो.

तळ्यानंतरचा उतार मात्र नीट ऐक. वरच्या तळ्यांपासून बुर्गाइस आणि ग्लुर्न्सपर्यंत वाट झपाझप खाली येते. सामान लादलेली सायकल थांबायला जास्त जागा घेते. ब्रेक दाबूनच ठेवला तर तो तापतो आणि पकड कमी होते; म्हणून दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. दोन्ही ब्रेक वापर, नुसता पुढचा नको. बोटं आखडली की बाजूला घेऊन थांब. वर पांढराशुभ्र मारीनबेर्ग मठ आहे, त्याच्याकडे बघत पाणी पी. पावसात लाकडी पुलांवर ब्रेक लावायचाच नाही, पुलाआधीच वेग कमी करायचा. फळ्या ओल्या झाल्या की साबणासारख्या होतात.

मुक्काम ग्लुर्न्सला कर. एवढंसं गाव, चारी बाजूंनी तट अजून शाबूत. दुसऱ्या दिवशी प्राड, मग लास. लासचा संगमरवर प्रसिद्ध आहे. गावात पायाखालच्या फरशासुद्धा त्याच्याच. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कबरींवरचे हजारो क्रूस इथल्या दगडाचे आहेत. लासच्या पुढे सफरचंदांच्या बागा लागतात आणि मेरानपर्यंत पाठ सोडत नाहीत. इथे एक खरं सांगते: "वाहनमुक्त" म्हणजे अगदी एकही चाक नाही असं नव्हे. बागांमधून ट्रॅक्टरना परवानगी असते, आणि सप्टेंबरात तोडणी सुरू झाली की क्रेट लादलेले ट्रॅक्टर वळणावर अचानक समोर येतात. ते त्यांचं शेत आहे, आपण पाहुणे. बाजूला व्हायचं, हात करायचा. आणि सफरचंद तोडायचं नाही, खाली पडलेलंही उचलायचं नाही. फवारणी चालू असेल तर तोंडावर रुमाल घे नि सरळ पुढे हो. वरच्या माल्स गावाने तर २०१४ मध्ये मतदान घेऊन कीटकनाशकांविरुद्ध कौल दिला होता, एवढा तो तिथे जिव्हाळ्याचा विषय आहे.

दमलीस तर खोऱ्याच्या मधूनच माल्स ते मेरान रेल्वे जाते. १९९० मध्ये ती बंद केली होती, २००५ पासून पुन्हा धावतेय. गर्दीच्या दिवसांत स्वतःची सायकल गाडीत घ्यायला अडचण येते, म्हणून तिथे सायकल भाड्याने घे. एका स्टेशनवर घेऊन दुसऱ्या स्टेशनवर परत देता येते. निघायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक बघ, रुळांचं काम चालू असलं की गाडीऐवजी बस असते.

आता जे तू भावजींसमोर विचारणार नव्हतीस, ते. गादीवाली सायकलची चड्डी घालायची, तिच्या आत दुसरं काहीही घालायचं नाही. शिवण टोचली की संध्याकाळपर्यंत चालवेनासं होतं. मांड्यांना आणि खाली क्रीम लाव, लाजू नकोस. बधिर वाटलं तर सीटचं नाक अगदी किंचित खाली कर. शक्य असेल तर स्वतःची सीट घेऊन जा. भाड्याच्या सायकलवर लावून देतात. पाळी आली तर सहल रद्द करू नकोस आणि गोळ्या घेऊन तारखाही पुढे ढकलू नकोस. पॅड घासतं, कप किंवा टॅम्पॉन बरं. स्वच्छतागृहासाठी गास्टहाउसमध्ये शिरून एक कॉफी घ्यायची, कुणी काही म्हणत नाही. पाणी कमी पिऊन भागवायचा आपला जुना शहाणपणा तिथे चालवू नकोस, उंचीवर ऊन फार लागतं.

जेवणाचंही सांगते. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. तू शाकाहारी, म्हणून पालकाचे क्न्योडेल (पावाचे गोळे) किंवा श्लुट्सक्राप्फन (सारण भरलेला पास्ता) माग, आणि डुकराचं मांस घातलेलं नाही ना, ते विचारून घे. साध्या क्न्योडेलमध्ये ते बऱ्याचदा असतं. सकाळी लवकर निघ. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात आणि साधारणपणे दुपारी वारा खोऱ्यात खालून वर वाहू लागतो. उतारावरसुद्धा तो तोंडावर आला की पॅडल मारावं लागतं.

एकटीने जायला हरकत नाही, वाटेवर माणसं असतात. काही झालं तर ११२ लाव, इटली आणि ऑस्ट्रिया दोन्हीकडे चालतो. फोन चार्ज ठेव. स्टेल्वियोवाल्यांना सांग, प्राडला कॉफीला भेटू.

कॅरिअरला लावायच्या पिशव्या विकत घेऊ नकोस. माझ्या तळघरात पडून आहेत, पुढच्या शनिवारी येऊन घेऊन जा.