गाऊट : दुखणे अंगठ्याचे, काळजी मूत्रपिंडाची

शरीरात रोज तयार होणाऱ्या यूरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, उरलेले आतड्यांवाटे. मूत्रपिंडात गाळल्या गेलेल्या यूरिक ॲसिडचा जवळजवळ 90 टक्के भाग पुन्हा रक्तात शोषला जातो. हे शोषण वाढले किंवा मूत्रपिंडच मंदावले की रक्तातली पातळी चढते, आणि ती डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या पुढे राहू लागली की यूरेटचे स्फटिक सांध्यांत धरू लागतात; त्यांतूनच गाऊट होतो. गाऊटच्या बहुसंख्य रुग्णांत दोष उत्पादनाचा नसून निचऱ्याचा असतो.

उत्पादनच बेसुमार वाढण्याचे प्रकार थोडे. त्यांच्या अभ्यासाशी अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा जवळचा संबंध आहे. 1967 साली विल्यम केली, एडविन सीगमिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की काही रुग्णांत प्यूरिनचा (ज्यापासून यूरिक ॲसिड बनते त्याचा) पुनर्वापर करणारे एचपीआरटी हे विकर अपुरे असते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने तो मुख्यतः मुलग्यांत दिसतो. पुढे 1975 ते 1989 या काळात केली हे ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात इंटर्नल मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या कामातून आजही उपयोगी पडणारी खूणगाठ अशी : विशीतल्या मुलाला गाऊट किंवा यूरिक ॲसिडचा मुतखडा झाला, तर ‘खाण्यापिण्याने झाले’ म्हणून सोडून देऊ नये, कारण शोधावे.

मूत्रपिंडाला इजा होण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू झाली की पेशी एकदम फुटतात, यूरिक ॲसिडचा लोंढा येतो आणि मूत्रनलिका तुंबतात. ही आणीबाणी रुग्णालयात हाताळली जाते, नेहमीच्या गाऊटमध्ये ती सहसा उद्भवत नाही. दुसरी वाट स्फटिक मूत्रपिंडाच्या गाभ्यात साचण्याची. जुन्या ग्रंथांत तिला फार मोठे स्थान होते. पण त्यातले बरेचसे नुकसान सोबतच्या रक्तदाबाचे, मधुमेहाचे, काही ठिकाणी शिशाच्या विषबाधेचे असावे, असे आता मानले जाते.

तिसरी वाट मुतखड्याची. यूरिक ॲसिडचा खडा होण्यात रक्तातल्या पातळीपेक्षा लघवीच्या आम्लतेचा वाटा मोठा. पीएच 5.5 च्या खाली राहिला की खडा धरतो. हा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. कंबरेतून जांघेकडे जाणारी कळ असताना ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन लागतो. मात्र हा विरघळवता येणारा खडा आहे. पोटॅशियम सायट्रेटने लघवीचा पीएच 6 ते 7 च्या दरम्यान ठेवला तर अनेकदा शस्त्रक्रिया टळते. फार वर नेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरण्याची भीती असते. शिवाय मूत्रपिंड कमकुवत असल्यास रक्तातले पोटॅशियमही चढते, म्हणून हे औषध तपासण्यांशिवाय चालू ठेवण्याचे नाही.

या सगळ्यांपेक्षा नेहमीची वाट वेदनाशामक गोळ्यांची आहे आणि तिच्याबद्दल बोलले मात्र कमी जाते. प्रस्तुत लेखकाचा अनुभव याच जातीचा. ॲन आर्बरच्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत तहान लागत नाही, पाणी पोटात जात नाही, आणि अंगठा सुजला की चिठ्ठीविना मिळणारी आयबुप्रोफेनची शेकडो गोळ्यांची बाटली हाताशी असते. भारतातून येणारे नातेवाईक प्रेमाने डायक्लोफेनॅकच्या पट्ट्या आणतात. सोबत रक्तदाबासाठी लिसिनोप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी चालूच. वार्षिक तपासणीत मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन 1.1 वरून 1.8 वर गेलेले आढळले. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी आवळतात, लिसिनोप्रिल रक्त नेणारी सैल करते, आणि तिसरी गोळी शरीरातले पाणी कमी करते; गाळणीतला दाब तिन्हीकडून घसरतो. वेदनाशामक गोळ्या थांबवल्यावर आकडा उतरला, पण मूळ जागी आला नाही.

मूत्रपिंड अधू असताना गाऊटचा झटका आल्यास पर्याय आहेत. कॉल्चिसिन पहिल्या दिवशीच, कमी मात्रेत. अमेरिकेतली गोळी 0.6 मिलिग्रॅमची, भारतातली 0.5 ची. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत असेल तर कॉल्चिसिन विषारी ठरू शकते. नाहीतर थोड्या दिवसांचा प्रेडनिसोलोन, साखरेवर लक्ष ठेवून.

मूळ उपचार ॲलोप्युरिनॉलचा. ते 1966 पासून वापरात आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर 50 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून यूरिक ॲसिड 6 च्या खाली येईपर्यंत हळूहळू मात्रा वाढवायची. लागल्यास 300 च्याही पुढे, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पहिले काही महिने झटके वाढू शकतात, म्हणून सोबत कॉल्चिसिनची अल्प मात्रा देतात. नेमके याच काळात ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून ते सोडणारे पुष्कळ. पुरळ किंवा ताप आला तर मात्र गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठावा.

यूरिक ॲसिड उतरवल्याने मूत्रपिंडाचा ऱ्हासही थांबेल, ही आशा 2020 मध्ये मावळली. ॲलोप्युरिनॉलच्या दोन मोठ्या चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. त्यांपैकी टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णांवरच्या चाचणीत मिशिगन विद्यापीठही होते. तेव्हा हे औषध गाऊटसाठी आहे, नुसत्या चढलेल्या क्रिएटिनिनसाठी नव्हे.

आहारात मराठी घरे बहुधा चुकीच्या ठिकाणी कात्री लावतात. तुरीची डाळ, पालक, टोमॅटो बंद होतात. बिअर, मटण, कलेजी आणि गोड शीतपेये, ज्यांना मिशिगनमध्ये ‘पॉप’ म्हणतात, ती चालू राहतात. भाज्या-डाळींतल्या प्यूरिनने गाऊटचा धोका वाढत असल्याचे मोठ्या पाहण्यांत दिसलेले नाही. ताक-दूध तर उपयोगीच. खडे होत असतील तर दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी हवे. मूत्रपिंडाचा आजार पुढे गेलेला असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

रक्तदाबाच्या गोळ्यांत लोसार्टान यूरिक ॲसिड थोडे उतरवते, थायाझाइड जातीच्या गोळ्या चढवतात. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांसाठी आणखी एक इशारा : ॲझाथायोप्रिन चालू असताना ॲलोप्युरिनॉल दिल्यास अस्थिमज्जा दबते आणि पांढऱ्या पेशी घसरतात. त्यामुळे घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी, दुकानातून आणलेल्या गोळ्यांसकट, प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी.