वणवा आणि आपलें घर

वणवा आला म्हणजे अग्नीची भिंतच गांवावर चालून येते व तिजपुढें कांहींच टिकत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हें पाहण्यास अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यांतील पॅरॅडाइज गांवाची हकीकत उपयोगी पडेल. ह्या नांवाचा अर्थ सुखलोक. सुमारें 26,000 वस्तीचें हें गांव 8 नोव्हेंबर 2018 रोजीं सकाळीं पेटलें. 85 माणसें मेलीं, आणि गांव व आसपासचा मुलूख मिळून 18,000 हून अधिक इमारतींची राख झाली.

आरंभ क्षुल्लक होता. विजेची तार धरणारा जुना लोखंडी आंकडा झिजून तुटला व ठिणग्या पडल्या. परंतु एवढें इंधन त्यांस आयतें कां सांपडलें? तिकडे पाऊस हिंवाळ्यांत पडतो व उन्हाळा कोरडा जातो. त्या वर्षीं नोव्हेंबर उजाडला तरी पाऊस आला नव्हता, आणि कोरडा सोसाट्याचा वारा सुटला होता.

कोळसा व खनिज तेल जाळल्यानें पृथ्वी तापत आहे. 1850 ते 1900 ह्या काळाच्या मानानें 2011 ते 2020 ह्या दशकांत उष्णता सुमारें 1.1 अंशानें वाढलेली आढळली. अंशभर वाढ ती काय, असें कोणी म्हणेल. परंतु एका अंशानें तापलेली हवा सुमारें 7 टक्के अधिक वाफ सामावूं शकते. म्हणजे तिची तहान वाढते, आणि ती तहान ती पाल्यांतून व मातींतून भागविते. डोंगरावरील बर्फही लवकर वितळून जातें. 1970 ते 1986 ह्या काळाशीं ताडून पाहतां, 1987 ते 2003 मध्यें पश्चिम अमेरिकेच्या वनांतील वणव्यांचा हंगाम सरासरी 78 दिवसांनीं लांबलेला दिसला. उष्णता वणवा लावीत नाहीं, ती सरपण वाळवून ठेविते.

आतां घर कसें पेटतें तें पाहूं. पॅरॅडाइजच्या छायाचित्रांत घरांची राख झालेली, आणि शेजारीं उंच झाडें हिरवींच उभीं, असें पुष्कळ ठिकाणीं दिसतें! ज्वालांची भिंत आली असती तर झाडें अगोदर गेलीं असतीं. खरा शत्रू उडणारा निखारा. तो वाऱ्याबरोबर आगीच्या कितीतरी पुढें जातो आणि छपराच्या पन्हळींतील वाळक्या पानांत, पायरीखालच्या केरांत किंवा माळ्याच्या झरोक्यांत जाऊन बसतो. जॅक कोहेन नामक वनखात्याच्या संशोधकानें प्रयोग करून दाखविलें कीं, 100 फुटांवरील जळत्या रानाच्या नुसत्या धगीनें लांकडी भिंत पेटत नाहीं.

म्हणून भिंतीलगतच्या 5 फुटांत जळणारें कांहीं ठेवूं नये. लांकडाची रास 30 फूट दूर असावी, पन्हळी साफ असाव्या, झरोक्यांस बारीक धातूची जाळी असावी. आपल्याकडील जाणता शेतकरी कडब्याची गंजी घरापासून दूर रचतो, त्यांतलेंच हें शहाणपण.

तथापि एकट्याच्या दक्षतेस मर्यादा आहे. एक घर पेटलें कीं त्याची धग पुढच्यास लागते. पॅरॅडाइजमध्यें कोणतें घर वांचलें हें, शेजारचें जळालेलें घर किती दूर होतें, ह्यावरही पुष्कळ अवलंबून होतें. शिवाय मेलेल्यांत बहुतेक वृद्ध होते. ज्यांच्यानें शिडी चढवत नाहीं त्यांची पन्हळ वर्षानुवर्षें पानांनीं भरलेली राहते. तेव्हां आपलें छप्पर झाडून झाल्यावर ती शिडी तशीच खांद्यावर घेऊन त्यांच्या दारीं न्यावी.