प्रवासाचा जोडा

सहलीचा दिवस ठरला म्हणजे घरोघर तयारीस आरंभ होतो. फराळाचा डबा, पाण्याची बाटली, अंथरूण-पांघरूण या साऱ्यांची याद होते. परंतु ज्यांच्या बळावर प्रवास व्हावयाचा त्या पायांची आठवण बहुधा आदल्या दिवशी संध्याकाळी होते. मग बाजारात धाव घ्यावयाची, चकचकीत बूट आणावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच घालून निघावयाचे! तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय. दुपारपर्यंत टाचेस फोड येतो, आणि मग रामटेकचा गड असो वा चिखलदऱ्याचे कडे असोत, मुलाचे सारे चित्त आपल्या टाचेपाशीच गुंतून राहते.

आपला विदर्भ तर चालणाऱ्यांचा प्रदेश. शेगावहून श्री गजाननमहाराजांची पालखी दरवर्षी पंढरपुरास पायी जाते. ती वाट एकेरीच ७०० किलोमीटरांहून अधिक आहे. नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळील नागद्वाराच्या यात्रेस नागपूरकडील पुष्कळ लोक भर पावसात ओल्या खडकांवरून जातात. या वाटा ज्याने एकदा तुडविल्या, तो कोरी वहाण पायांत घालून पुन्हा घराबाहेर पडणार नाही.

आता जोडा निवडावा कसा, ते पाहू. दिवसभराच्या हिंडण्याने पाय किंचित फुगतो. यास्तव खरेदी सकाळी न करता संध्याकाळी करावी. जे मोजे घालून चालावयाचे तेच घालून दुकानात जावे. माप बसून नव्हे, उभे राहून द्यावे, कारण अंगाचा भार पडला म्हणजे पाऊल लांब व रुंद होते. आपले दोन्ही पाय अगदी सारखे क्वचितच असतात. जो मोठा असेल त्याच्या मापाने जोडा घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी. हे लांब बोट अंगठाच असेल असे नाही. पुष्कळांचे त्याच्या शेजारचे बोट अधिक लांब असते. नंतर जोडा हातांत धरून वाकवून पाहावा. तो चवड्यापाशी, म्हणजे जेथे आपली बोटे वळतात तेथेच वळला पाहिजे. मध्येच दुमडणारा जोडा दिसावयास कितीही देखणा असो, तो परत करावा.

तळावरील आकड्यावर मात्र फार विसंबू नये. इंग्रजी पद्धतीतील आकड्याचे मूळ मोठे गमतीचे आहे. जवाचा एक दाणा म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा असे धरून ते माप बसविलेले आहे. त्यामुळे ६ आणि ७ या आकड्यांत सुमारे साडेआठ मिलिमीटरांचे अंतर पडते. युरोपातील इतर देशांची मोजणी निराळी असल्याने तोच ७ आकड्याचा जोडा तेथे सुमारे ४१ आकड्याचा ठरतो. शिवाय एका कारखान्याचा ७ आकडा दुसऱ्याच्या ७ आकड्याशी तंतोतंत जुळेलच असेही नाही. सबब आकडा वाचावा, पण विश्वास पायावर ठेवावा.

येथे पालकांस एक विनंती करावीशी वाटते. मुलाचे वाढते अंग पाहून दोन आकडे मोठा बूट घेण्याची आणि पुढे कापूस कोंबण्याची रीत अनेक घरांत आहे. तीमागील काटकसर समजण्याजोगी आहे. परंतु सैल बुटात पाऊल पुढेमागे सरकते, टाच घासली जाते आणि चढउतारावर मूल अडखळते. अंगठ्याएवढी जागा ही वाढीस काही महिने पुरते. थोरल्या भावाचा झिजलेला बूट धाकट्यास देण्याचेही तसेच. घरापुरती चप्पल चालेल. पण वापरलेल्या बुटाने पहिल्या पायाचा आकार घेतलेला असतो, आणि तो घालून दहा मैल चालणे धाकट्यास शिक्षाच होय.

नवा जोडा “पुढे सैल होईल” असे दुकानदार सांगतात, त्यात अर्धेच सत्य आहे. कातडे रुंदीत थोडेफार सैल होते, लांबीत होत नाही. म्हणून बोटे पुढे टेकत असतील तर तो जोडा कितीही दिवस वापरला तरी टेकतच राहणार. कापडी व कृत्रिम द्रव्यांचे बूट तर फारसे सैल होतच नाहीत. ते दुकानातच बरोबर बसले पाहिजेत.

याउलट आपली कोल्हापुरी चप्पल. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची ही चप्पल आरंभी अगदी ताठ असते व अंगठ्यापाशी हमखास चावते. पट्टा, अंगठा व कान यांस आतून तिळाचे तेल चोळून रात्रभर ठेवावे, आणि काही दिवस घरातच थोडी थोडी घालावी. मग ती जी पायाला बसते ती बसतेच. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले. परंतु पाण्याशी तिचे वैर आहे. नागद्वारासारख्या पावसाळी यात्रेस ती कामाची नाही.

चपलेने लांब चालणे होत नाही असे मात्र कोणी समजू नये. १९३० साली गांधीजी साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालले ते चपलांनीच. चपला शिवण्याचे काम त्यांस स्वतःस येत असे. दक्षिण आफ्रिकेत त्यांचे मित्र कॅलनबॅक हे मेरियनहिल येथील ट्रॅपिस्ट पंथाच्या मिशनरी मठात ती कला शिकले व त्यांच्यापासून गांधीजी शिकले. तुरुंगात असता स्वतः केलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांस दिला. स्मट्स यांनी तो वापरला, जपला, आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त परत पाठविला. चांगले कातडे नीट सांभाळले तर किती टिकते, याचेही हे उदाहरण आहे.

जोडा रुळविण्यास दोन-तीन आठवडे हवेत. पहिले काही दिवस घरातच तासभर घालावा. येथवर तो परत करण्याची सोय राहते, हाही लाभच. पुढे वाडीतील आतल्या रस्त्यांनी मैल-दोन मैल फिरावे. अमरावती मार्ग टाळावा, कारण मालमोटारींच्या त्या गर्दीत लक्ष पायांवर राहणे शक्य नाही. मग एखाद्या रविवारी वडील मंडळींसह अंबाझरी तलावापर्यंत, आणि शेवटी पाठीवर सहलीचेच ओझे घेऊन सेमिनरी हिल्सच्या चढापर्यंत मजल मारावी. उताराची परीक्षा विसरू नये; चढताना निमूट असलेला बूट उतरताना बोटांवर आदळू लागतो. जोडा भिजवून पायांतच वाळविण्याचा किंवा चुलीपाशी तापविण्याचा जो उपाय सांगतात तो करू नये. कातडे तडकते व पायही सोलतो.

घर्षण आणि घाम यांच्या संगतीने फोड येतो. सुती मोजे घाम शोषतात पण ओलेच राहतात. लांब वाटेस पातळ लोकरीचे किंवा लवकर वाळणारे मोजे बरे, आणि दुपारच्या विसाव्यात ते बदलावे. त्वचा चुरचुरू लागताच, सोबती पुढे गेले तरी, तेथेच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आलाच तर त्यावरची कातडी ओढून काढू नये. तीच जखमेचे रक्षण करते.

ज्या घरात आजोबा किंवा आजी मधुमेही असून वारीस निघत असतील, तेथे ही गोष्ट चेष्टेवारी नेण्याची नाही. या विकारात पुष्कळांच्या पायांची संवेदना मंद होते. बुटात खडा असला तरी कळत नाही, झालेली जखम लवकर भरत नाही, आणि वेळी पाऊल गमावण्याची पाळी येते. अशांनी पादत्राणाविषयी आधी डॉक्टरांस विचारावे, अनवाणी चालू नये आणि फोडास घरी सुई लावू नये. त्यांचे तळवे रोज संध्याकाळी उजेडात पाहण्याचे काम नातवंडांनी आपल्याकडे घ्यावे. वाकून स्वतःचा तळवा पाहणे म्हाताऱ्या माणसास जमत नाही. पाहताना बोटांच्या बेचक्याही सोडू नयेत, आणि जोडा पायांत घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकून द्यावा.