उठणारं मूल काढ

आंजर्ले

चि. बाळ,


दुर्मीळ आजार दिनासाठी तू केलेली पोस्टरं तुझ्या आईने फोनवर दाखवली. हात तयार झालाय तुझा. पण काळोख, चाकाची खुर्ची, मुलाच्या गालावर थेंब, एवढं पाहून माणूस हळहळतो आणि पुढे जातो. ड्युशेन हा स्नायूंचा आजार घरात कसा दिसतो, हे त्याला कळत नाही. आपल्या गावांत नेमकं तेच कळायला हवंय.

हा आजार बहुतकरून मुलग्यांनाच होतो. साधारण साडेतीन ते पाच हजारांत एकाला. दोन-तीन वर्षांचा होईतो कुणाच्या ध्यानात येत नाही. मग तो सारखा पडतो, पाखाडी चढताना मागे राहतो. पोटऱ्या मात्र भरलेल्या, म्हणून घरचे निर्धास्त. शाळेत गेला की आळशी ठरतो. आणि जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असे आपल्याच अंगावर हात चढवत उभा राहतो. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरने १८७९ साली हे उठणं बारकाईने नोंदवलं. आजही ती खूण त्याच्याच नावाने ओळखतात. गॉवर्स उत्तम चित्रं काढी, स्वतःच्या पुस्तकांतलीसुद्धा. तुझ्या कलेचं काम इथे आहे, बाळ. ओटीवर बसलेला मुलगा उभा राहीपर्यंतच्या पाच आकृती काढ. अंगणवाडीत आलेल्या एखाद्या आईला त्यात आपला मुलगा दिसला, तर तो दोन वर्षं आधी डॉक्टरांपुढे जाईल.

चित्रात आई काढलीस तर तिला मान खाली घातलेली काढू नकोस. या आजारामागचा जनुकातला दोष बरेचदा आईकडून येतो, पण सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवतो. आणि आईकडून आला तरी तिने काय केलंय? आपल्याकडे सुनेला बोल लावायला कारण लागत नाही. तुझ्या चित्राने ते पुरवू नये.

माणसाला कसं दाखवावं हे कळायला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६चा 'नितळ' हा चित्रपट मिळवून पाहा. कोड काही दुर्मीळ नाही, पण त्यातली कोड असलेली मुलगी स्वतः डॉक्टर आहे, हुशार आहे, आणि तपासली जाते ती तिच्याकडे बघणाऱ्या घरच्यांची नजर. तसंच अमेरिकेतला फॅशन छायाचित्रकार रिक गिडोटी याने १९९८ साली जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या मुलींचे फोटो प्रसिद्ध केले. वैद्यकाच्या पुस्तकांत अशा माणसांच्या डोळ्यांवर काळी पट्टी असे. त्याने त्यांना मॉडेलइतक्याच सन्मानाने उभं केलं.

खऱ्या मुलावरून चित्र काढणार असशील तर आईबापांना विचार, आणि त्यालाही. काढलेलं आधी त्याला दाखव. नको म्हणाला तर फाडून टाक, वाद घालू नकोस.

खाली मजकूर थोडा, दुरून वाचता येईल असा. संशय आला तर रक्ताची सीके (क्रिएटिन कायनेज) तपासणी करून घ्या; पुढच्या निदानासाठी मुंबईचं केईएम रुग्णालय हे सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणातलं विशेष केंद्र आहे. 'बरा होतो' असं चुकूनही लिहू नकोस. योग्य औषधं आणि व्यायाम यांनी मूल जास्त वर्षं चालतं, हे खरं आहे आणि तेवढंच लिही.

एक प्रत मोठी करून इकडे पाठव. अंगणवाडीच्या बाईंना मी विचारून ठेवते, गावच्या आशा सेविकेलाही एक लागेल.

तुझी,
आत्या