मुक्त आज्ञावलींचे स्वयंसेवक आणि विश्वासाचे अर्थशास्त्र

रस्ते, वीज आणि बंदरे यांच्याप्रमाणेच संगणकाची मुक्त स्रोत आज्ञावली ही आज अर्थव्यवस्थेची पायाभूत सुविधा बनली आहे. मात्र तिच्या देखभालीचा मोठा भार वेतन न घेणाऱ्या स्वयंसेवकांवर आहे. त्यांना अधिकार कोण देतो, कोणत्या कसोटीवर देतो आणि ही व्यवस्था कोठे दुबळी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पॅकेज म्हणजे काय?

जिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, ती मुक्त स्रोत आज्ञावली होय. अशा हजारो आज्ञावली जगभरातील निरनिराळे गट लिहितात. त्या एकमेकींशी जुळाव्यात, संगणकावर सहज बसवता याव्यात आणि त्यांच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या वेळेवर मिळाव्यात, यासाठी त्या विशिष्ट पद्धतीने बांधल्या जातात. अशा बांधणीला ‘पॅकेज’ म्हणतात आणि तिची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीला ‘देखभालकर्ता’.

याचे ठळक उदाहरण म्हणजे इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला ‘डेबियन’ प्रकल्प. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय संगणकप्रणाली डेबियनच्याच पायावर उभी आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे दूरदेशीच्या स्वयंसेवकाची चूक किंवा दक्षता ही आपल्याही प्रशासनाशी निगडित बाब ठरते.

विश्वासाच्या पायऱ्या

लखनौतील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थिनीला या कामात यायचे आहे, असे समजू. तिला ना प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ना शुल्क भरावे लागते. पदवीही विचारली जात नाही. प्रारंभ दोष नोंदवण्यापासून, त्यांवर दुरुस्त्या सुचवण्यापासून किंवा देखभालकर्ता नसलेले ‘अनाथ’ पॅकेज दत्तक घेण्यापासून होतो. परंतु तिने बांधलेले पॅकेज थेट भांडारात जात नाही. एखादा अनुभवी सदस्य ते तपासतो आणि स्वतःच्या डिजिटल स्वाक्षरीने, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर, पुढे पाठवतो. या सदस्याला ‘प्रायोजक’ म्हणतात.

काही काळ असे काम सातत्याने केल्यानंतर ती ‘डेबियन मेंटेनर’ होऊ शकते. २००७ मध्ये मान्य झालेल्या या टप्प्यात तिला केवळ ठरवून दिलेली पॅकेजेस स्वतः पाठवता येतात. त्यापुढील टप्पा ‘डेबियन डेव्हलपर’चा. येथे शिफारस लागते. ओळख, प्रकल्पाची तत्त्वे व कार्यपद्धती आणि प्रत्यक्ष कौशल्य यांची पडताळणी होते. या टप्प्यावर सर्व पॅकेजेसवर अधिकार आणि प्रकल्पप्रमुखाच्या वार्षिक निवडणुकीत मत मिळते.

ओळख पटवण्याची रूढ रीत अशी की, विद्यमान सदस्याने प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून तिच्या डिजिटल किल्लीवर स्वाक्षरी करावी. आपल्या शहरात असा सदस्य नसेल, तर ही अट लहान शहरांतील उमेदवारांना जड जाते. म्हणूनच प्रकल्पाची वार्षिक जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये प्रथमच भारतात, कोची येथे भरली, याला महत्त्व आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असतो, पण खरेदीदाराला नसतो, तेव्हा बाजार कोलमडू शकतो. या स्थितीला माहितीची असममितता म्हणतात. अनोळखी स्वयंसेवकाबाबत हाच प्रश्न उद्भवतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये ‘संकेता’ची संकल्पना मांडली: जो संकेत देणे अपात्र व्यक्तीला महाग पडते, तोच विश्वासार्ह असतो. वर्षानुवर्षे सर्वांसमोर केलेले किचकट आणि अप्रसिद्ध काम हा असाच महाग संकेत आहे. सामाईक संसाधने लोक स्वतःच्या नियमांनी टिकवू शकतात, हा एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा निष्कर्षही येथे लागू पडतो. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्यवस्थेच्या मर्यादा

दोन घटना अभ्यसनीय आहेत. पहिली प्रामाणिक चुकीची. २००६ मध्ये डेबियनच्या ‘ओपनएसएसएल’ पॅकेजमध्ये केलेल्या एका बदलामुळे गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येतील इतक्या कमकुवत झाल्या. हा दोष मे २००८ मध्ये उघड झाला आणि असंख्य किल्ल्या नव्याने तयार कराव्या लागल्या.

दुसरी घटना हेतुपुरस्सर फसवणुकीची. ‘एक्सझेड’ ही माहिती संक्षेपित करणारी आज्ञावली बराच काळ एकच स्वयंसेवक सांभाळत होता. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने एका व्यक्तीने किंवा गटाने तेथे उपयुक्त काम करून विश्वास संपादन केला. काही अनोळखी नावांनी मूळ देखभालकर्त्यावर जबाबदारी वाटून देण्यासाठी दबाव आणला. अधिकार हाती आल्यावर २०२४ च्या प्रारंभी या आज्ञावलीत छुपे प्रवेशद्वार घातले गेले. संगणकावर दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघडकीस आला. दूषित आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचली होती, स्थिर आवृत्तीत मात्र गेली नव्हती.

यावरून असे दिसते की, महाग संकेतदेखील पुरेसा चिकाटीचा आणि साधनसंपन्न प्रतिस्पर्धी विकत घेऊ शकतो. म्हणून एकाच व्यक्तीवर विसंबण्यापेक्षा परस्पर तपासणी अधिक मोलाची ठरते. एकाकी आणि थकलेला देखभालकर्ता हाच साखळीतील सर्वांत कमकुवत दुवा होय.

धोरणात्मक दिशा

सार्वजनिक वस्तूचा लाभ सर्वांना मिळतो, पण खर्च उचलण्यास कोणी पुढे येत नाही. या ‘फुकट्या लाभार्थीं’च्या समस्येवर काही उपाय सुरू झाले आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये यासाठी सार्वजनिक निधी उभारला. भारतात झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये दरवर्षी दहा लाख डॉलर साहाय्य देण्याची योजना जाहीर केली. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प केंद्राच्या साहाय्याने शिक्षणात मुक्त आज्ञावलींचा प्रसार करतो. यापुढे वापराबरोबर देखभालीकडेही लक्ष पुरवणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांच्या अशा योगदानाला श्रेयांक देणे आणि शासकीय प्रकल्पांच्या खर्चात देखभालीसाठी तरतूद करणे, हे मार्ग विचारात घेता येतील.

समारोप

मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळत असली तरी तिची देखभाल विनाखर्च होत नाही. तो खर्च कोणाच्या तरी वेळेतून आणि श्रमातून भागवला जात असतो. विश्वास हे हळूहळू साठणारे आणि झपाट्याने नष्ट होणारे भांडवल आहे. ते जपणाऱ्यांची संख्या वाढवणे हीदेखील पायाभूत क्षेत्रातील गुंतवणूकच होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. माहितीची असममितता आणि संकेत या संकल्पना स्वयंसेवी देखभालकर्त्यांच्या निवडीस कशा लागू पडतात?

२. मुक्त स्रोत आज्ञावली ही सार्वजनिक वस्तू आहे, या विधानाच्या आधारे शासनाच्या भूमिकेची चर्चा करा.